बेचाळीस किलोमीटरांचा हिशेब

मॅरेथॉन शर्यतीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला शब्द उच्चारला जातो तो 'जिद्द'. बक्षीस समारंभातील भाषणांत तो असतो, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत असतो, शाळेच्या फलकावरील सुविचारातही असतो. जिद्द वाईट आहे असे कोण म्हणेल? परंतु जिद्दीने स्नायूंत साखर तयार होत नाही, आणि जिद्दीने शरीराचे तापमान अर्धा अंशही उतरत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी हा आधी हिशेबाचा विषय आहे. जिद्द लागते ती तो हिशेब सहा महिने पाळण्यासाठी. आणि विद्यार्थीमित्रांनो, हा हिशेब फार अवघड नाही. आठवी ते दहावीच्या भौतिकशास्त्रात तो बहुतेक सगळा बसतो.

हा विषय आताच का काढला, तेही सांगतो. आमच्या कुरुंद्यात (ता. वसमत, जि. हिंगोली) पहाटे रस्त्यावर निघालात, तर हळदीच्या आणि उसाच्या शेतांच्या कडेने धावणारी मुले-मुली हमखास भेटतात. त्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. अलीकडे त्यांच्यापैकी काहीजण विचारू लागले आहेत, "सर, आम्हीही मॅरेथॉन पळावी काय?" मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी करीत आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देणे बरोबर नाही. उत्तरासाठी वही आणि पेन्सिल घेऊन बसावे लागते. चला, बसू या.

अंतर आणि माणसे

१८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले तेव्हा मॅरेथॉनचे अंतर साधारण ४० किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर झाले, आणि १९२१ मध्ये हेच अंतर कायमचे ठरले. तुमच्या शाळेच्या मैदानावर २०० मीटरची फेरी आखलेली असेल, तर २११ फेऱ्या मारा; मॅरेथॉन पूर्ण होईल!

हा खेळ परक्यांचा, आपला नव्हे, असे मात्र समजू नका. १९१९ साली पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहताना दोराबजी टाटा यांचे लक्ष काही धावपटूंनी वेधून घेतले. हे धावपटू खेड्यांतील शेतकरी होते, अनवाणी धावत होते, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जात होत्या. टाटांच्या पुढाकाराने आणि आर्थिक मदतीने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. त्यांना २ तास ५१ मिनिटांहून किंचित कमी वेळ लागला. त्या वर्षीची शर्यत नेहमीपेक्षा लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरची होती. त्यांच्याबरोबर धावलेले सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

आता आपल्या शेजारचे उदाहरण घेऊ. हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता. त्या परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला. त्यांनाही २ तास ५१ मिनिटांहून किंचित कमी वेळ लागला. दोघांचा सरासरी वेग काढून पाहा. चौगुले ताशी सुमारे १५ किलोमीटर, गवते ताशी सुमारे १४.८ किलोमीटर. एक बेळगावचा, दुसरी परभणीची. मध्ये ९७ वर्षांचे अंतर. तेव्हा मराठवाड्याच्या मातीत मॅरेथॉन उगवत नाही, हा समज आपण येथेच सोडून देऊ. परंतु या मंडळींनी अनेक वर्षे शरीर घडविले होते. पहिल्यांदा धावणाऱ्या सामान्य माणसाला ४ ते ६ तास लागतात. मी सोयीसाठी ६० किलोग्रॅम वजनाचा आणि ५ तासांत अंतर कापणारा धावपटू गृहीत धरतो. म्हणजे एक किलोमीटरला सुमारे ७ मिनिटे ७ सेकंद.

पहिला हिशेब : इंधन

सपाट रस्त्यावर धावताना शरीर दर किलोग्रॅम वजनामागे, दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च करते. हा आकडा ढोबळ आहे, पण फार उपयोगी आहे. आपल्या धावपटूचा खर्च झाला ६० × ४२.२, म्हणजे सुमारे २५३० किलोकॅलरी.

आता शिल्लक पाहू. पिष्टमय पदार्थांपासून बनलेली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठविते. हा साठा दोन्ही मिळून साधारण ५०० ग्रॅम असतो. एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्यास एकूण शिल्लक २००० किलोकॅलरी. खर्च २५३०, शिल्लक २०००! निव्वळ साखरेवर धावणाऱ्याची झोळी ३३ व्या किलोमीटरच्या आसपास रिकामी होणार. मॅरेथॉन धावलेले लोक ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान 'भिंत लागली' असे म्हणतात, ती भिंत कोठून आली हे आता तुमच्या लक्षात आले असेल. ती भिंत मनाची नसून बरीचशी यकृताची आणि मांड्यांची असते.

पण शरीराकडे दुसरीही कोठी आहे, ती चरबीची. एक किलोग्रॅम चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी असतात. साध्या, सडपातळ माणसाच्या अंगावर ८-९ किलो चरबी असतेच. म्हणजे पंचवीसहून अधिक मॅरेथॉनांचे इंधन आपण अंगावर घेऊन हिंडतो! मग अडचण काय? अडचण ही, की चरबी जाळण्यासाठी त्याच ऊर्जेमागे प्राणवायू थोडा अधिक लागतो, आणि ती हळू जळते. वेग वाढविला की शरीर चरबीची कोठी बंद करून साखरेच्या डब्याला हात घालते. वेग कमी ठेवला की चरबीचा वाटा वाढतो आणि साखर पुरून उरते.

यावरून तयारीचा पहिला नियम निघतो : सरावातील बहुतेक धावणे हळू असावे. किती हळू? धावता धावता सतराचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. दम लागून 'सतरा चोक' ला अडलात तर वेग जास्त आहे. जगातील उत्तम लांब पल्ल्याचे धावपटूसुद्धा आपल्या सरावाचा मोठा भाग, साधारण ८० टक्के, अशा सोप्या वेगानेच करतात. महिनोन्महिने असे धावल्याने स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमधील ऊर्जा तयार करणारी केंद्रे वाढतात आणि चरबी वापरण्याची सवय लागते. हळू धावणाऱ्या मुलाला मैदानावर 'अरे, झोपलास काय?' म्हणून ओरडणे आपल्याकडे सर्रास चालते. त्या मुलाच्या स्नायूंत याच वेळी मोलाचे काम चाललेले असते.

राहिलेली तूट वाटेत खाऊन भरता येते. आमच्या भागात केळीला तोटा नाही. एका मध्यम केळ्यात सुमारे १०० किलोकॅलरी असतात. ५३० किलोकॅलरींची तूट म्हणजे पाच-सहा केळी, तासाला एक! गूळ, खजूर, साखर-मीठ-लिंबाचे पाणी हेही चालते. मात्र धावताना खाणे हीसुद्धा सवयीची गोष्ट आहे. ती सरावात लावावी. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ तोंडात घालू नये.

दुसरा हिशेब : उष्णता

इंधनाचा हिशेब चुकला तर माणूस चालू लागतो, शर्यत सोडतो, घरी जातो. उष्णतेचा हिशेब चुकला तर माणूस जिवाला मुकतो. म्हणून हा भाग लक्षपूर्वक वाचा.

स्नायू हे काही फार कार्यक्षम यंत्र नाही. खर्च झालेल्या ऊर्जेतील साधारण पंचमांश ते चतुर्थांश ऊर्जा हालचालीला मिळते. उरलेली उष्णता होते. आपला धावपटू तासाला सुमारे ५०० किलोकॅलरी खर्च करतो. त्यांतील ४०० किलोकॅलरींची उष्णता होते, म्हणजे सुमारे ४६५ वॉट. पाणी तापविण्याच्या १००० वॉटच्या कॉईलची जवळजवळ अर्धी शक्ती त्याच्या अंगात सतत पाच तास चालू असते!

मानवी शरीराचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.८३ आहे. म्हणून ६० किलोग्रॅमचे शरीर १ अंश सेल्सिअसने तापविण्यास ५० किलोकॅलरी पुरतात. समजा, ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तापमान तासाला ८ अंशांनी वाढेल. ३७ अंशांवरून ४१ अंशांवर जाण्यास अवघा अर्धा तास लागेल. पण तसे होत नाही, कारण आपण घामेजतो. एक लिटर घामाची त्वचेवर वाफ झाली, तर ती सुमारे ५८० किलोकॅलरी अप्रकट उष्मा घेऊन जाते. म्हणजे तासाला पाऊण लिटरपेक्षाही कमी घाम पुरेसा आहे, पण एका अटीवर : त्या घामाची वाफ झाली पाहिजे. गळून पडलेला थेंब काहीच थंड करीत नाही.

हे तुम्हाला माठावरून सहज कळेल. आपल्याकडे मे महिन्याच्या कोरड्या हवेत माठातील पाणी गारेगार होते. मुंबईच्या दमट हवेत तोच माठ तितका गार करीत नाही. धावपटू हा एक चालता-बोलता माठच समजा. मराठवाड्यात सराव केलेला धावपटू जानेवारीत मुंबईला धावायला जातो तेव्हा त्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. हवा गार वाटते, पण घाम सुकत नाही. उलट आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून अधिक असते. तेव्हा हवा उष्णता घेत नाही, उलट देते. सगळा भार एकट्या घामावर पडतो.

मॅरेथॉनच्या इतिहासात याची दुःखद साक्ष आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा तरुण धावपटू उन्हात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला चरबीसारखा पदार्थ फासला होता, असे सांगतात. माठाला बाहेरून तेल फासल्यास काय होईल, याचा विचार करा. त्याच्याही आधी, १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये भर दुपारच्या उकाड्यात, धुळीच्या रस्त्यावर, जवळजवळ पाण्याशिवाय शर्यत घेतली गेली. ३२ जण धावले आणि फक्त १४ जणांनी शर्यत पूर्ण केली. त्या सर्वांकडे जिद्द नव्हती काय?

आता एक महत्त्वाची गोष्ट. उष्णता किती वेगाने तयार होते, हे धावण्याच्या वेगावर अवलंबून असते. हवेचे तापमान आपल्या हातात नाही, आर्द्रता आपल्या हातात नाही. आपल्या हातात एकच नळ आहे, तो म्हणजे वेग. उकाडा वाढला की नळ कमी करावा. प्रसंगी बंद करावा.

१६०० मीटर धावणाऱ्या मुलाला हा नळ माहीतच नसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. गणित करून पाहू. १६०० मीटरचा एकूण खर्च ६० × १.६, म्हणजे ९६ किलोकॅलरी, एका केळ्याएवढा! त्यातून सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. ती सगळी अंगातच राहिली तरी तापमान दीड अंशाने वाढेल. धोका जवळ येण्याच्या आत शर्यत संपलेली असते. हेच अंतर १० किलोमीटर केले, की उष्णता ४८० किलोकॅलरी होते. ती न निघाल्यास साडेनऊ अंशांची वाढ! 'थोडे लांबचे १६०० मीटर' असे समजून १० किलोमीटर धावणे म्हणूनच घातक आहे. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत उमेदवारांना १० किलोमीटर धावावे लागले. त्या भरतीच्या काळात दहाहून अधिक तरुण मृत्युमुखी पडले. प्रत्येकाच्या मृत्यूचे कारण एकच होते, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण महिनोन्महिन्यांची तयारी ज्या अंतराला लागते, ते अंतर तरुणांनी नोकरीच्या ओढीने धावावे आणि आपण त्याला जिद्द म्हणावे, हे मला मान्य नाही.

पाण्याचा तोल

"मग भरपूर पाणी प्यावे म्हणजे झाले," असे कोणी म्हणेल. येथेही हिशेब आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली. त्यांतील १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले, आणि त्यामागचे मोठे कारण होते गरजेपेक्षा जास्त द्रव पिणे. सोडियम फार घटले तर मेंदूला सूज येऊ शकते. तेव्हा तहान लागेल तसे, घोट घोट प्यावे.

आपली गरज किती, हे काढण्याचा सोपा प्रयोग आहे. धावण्यापूर्वी आणि एक तास धावल्यानंतर अंग पुसून, कोरड्या हलक्या कपड्यांत वजन करा. मध्ये काही खाल्ले-प्याले नसेल, तर ७०० ग्रॅमची घट म्हणजे सुमारे ७०० मिलिलिटर घाम. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर पाणी जास्त झाले असे समजावे. निरनिराळ्या महिन्यांत हा प्रयोग करून आकडे वहीत लिहा. डिसेंबरचा आणि मार्चचा आकडा शेजारी शेजारी आला की हवामान आणि शरीर यांचे नाते वेगळे शिकवावे लागणार नाही.

तिसरा हिशेब : हाडे आणि आठवडे

हळू धावताना एक पाऊल साधारण एक मीटरचे धरले, तर मॅरेथॉनमध्ये ४२ हजार पावले पडतात. प्रत्येक पायावर २१ हजार. पाऊल टेकताना जमिनीची प्रतिक्रिया वजनाच्या दुप्पट-अडीचपट असते. न्यूटनचा तिसरा नियम येथे फळ्यावरून थेट गुडघ्यात उतरतो! आता अडचण अशी आहे, की हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण हाडे आणि स्नायूबंध यांना महिने लागतात. दम पुरतो म्हणून माणूस अंतर वाढवितो आणि नडगीचे हाड दुखू लागते. इंजिन नवे आणि सांगाडा जुना, अशी ती अवस्था असते.

म्हणून आठवड्याचे एकूण अंतर एका वेळी फार तर १० टक्क्यांनी वाढवावे, असा एक व्यवहारी दंडक आहे. हा निसर्गाचा नियम नव्हे, पण उतावळ्या माणसाला लगाम म्हणून चांगला आहे. आठवड्याला २० किलोमीटर आरामात धावणाऱ्याने ६० किलोमीटरपर्यंत जायचे ठरविले, तर किती आठवडे लागतील? २०, २२, २४.२ असे चक्रवाढीने मांडत जा. १२ आठवडे येतील. दर चौथा आठवडा विश्रांतीचा, कमी अंतराचा ठेवला की झाले १६. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवीत नेण्याचे. कारण थकलेले शरीर दुरुस्त होण्यास तेवढा वेळ हवा. त्यात ताप-सर्दी, लग्नसराई, परीक्षा आणि पाऊस मिळवा. सहा महिने सहज होतात. आठवड्यातून चार दिवस धावणे, रविवारी एक लांब धाव, आणि सर्वांत लांब धाव ३० ते ३२ किलोमीटरची, तीही शर्यतीच्या तीन आठवडे आधी. टोकाईच्या टेकडीकडील चढावर अधूनमधून गेल्यास पाय बळकट होतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी आरंभी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. मी ती करूनच सुरुवात केली आहे.

आणि तुम्ही? १८ वर्षांखालील मुला-मुलींनी पूर्ण मॅरेथॉन धावू नये, असे माझे ठाम मत आहे. मुंबई मॅरेथॉनसह अनेक स्पर्धांची अटही तशीच आहे. तुमच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा अजून मऊ आहे. आज ३ ते ५ किलोमीटर, पाढे म्हणत, आनंदाने धावा. बेचाळीस किलोमीटर कोठे पळून जात नाहीत.

एक आक्षेप

काही शिक्षकमित्र म्हणतात, "अशा मोजमापाने खेळातील आनंद आणि पराक्रम निघून जाईल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एमिल झाटोपेकने आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन धावून सुवर्णपदक जिंकले. त्याने कोठे हिशेब केला होता?" उदाहरण खरे आहे. पण त्याच ऑलिंपिकमध्ये तो ५,००० आणि १०,००० मीटरच्या शर्यतीही जिंकला होता, हे विसरू नये. तोपर्यंत ४०० मीटरच्या असंख्य पुनरावृत्त्या करून त्याने अनेक वर्षे आपले शरीर शिस्तीने घडविले होते. मॅरेथॉन पहिली होती. तयारी पहिली नव्हती. शिवाय मोजमापाने आनंद जातो, हे मला पटत नाही. मागच्या महिन्यात जे अंतर धाप टाकीत कापले, ते या महिन्यात पाढे म्हणत कापले, हे वहीतील आकड्यांवरून कळते तेव्हा जो आनंद होतो, तो घेऊन पाहावा.

शाळांकडून अपेक्षा

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, धावण्याच्या कोणत्याही स्पर्धेआधी मैदानावर दोन तापमापक टांगावेत, एक कोरडा आणि एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेला. ओला तापमापक कोरड्याच्या खाली बराच उतरला तर हवा कोरडी आहे, घाम सुकेल. दोन्ही जवळजवळ सारखे दाखवीत असतील आणि उकाडाही असेल, तर लांबची शर्यत पुढे ढकलावी. प्रयोगशाळेतील उपकरणाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. दुसरी, लांब अंतराच्या शर्यती सकाळी लवकर उरकाव्यात; प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून मुलांना उन्हात धावावयास लावू नये. तिसरी, उष्माघाताचा प्रथमोपचार प्रत्येक विद्यार्थ्याला यावा. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला घाम येत असला तरी उष्माघाताचा संशय घ्यावा. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा आणि गाडीची वाट पाहत न थांबता त्याला सावलीत नेऊन, डोके वर धरून थंड पाण्याच्या हौदात बसवावे. हौद नसेल तर अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये. आधी थंड करणे, मग हलविणे. हा क्रम जीव वाचवितो.

चौगुले अँटवर्पला गेले तेव्हा या हिशेबातील बरेच आकडे कोणाला ठाऊक नव्हते. आज ते शाळेच्या पुस्तकात बसण्याइतके सोपे झाले आहेत. ते ठाऊक असूनही आपण पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांना केवळ 'जिद्द ठेव' एवढेच सांगणार असू, तर विज्ञान शिकविले आणि शिकले ते कशासाठी? येत्या रविवारी दोन तापमापक, एक वजनकाटा आणि एक वही घेऊन मैदानावर जा. एक तास हळू धावा, आकडे लिहा, आणि सोमवारी ते वर्गात आपल्या शिक्षकांना दाखवा.